गूल्ड, डिक
(१९३८– ). अमेरिकन टेनिस प्रशिक्षक. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद त्यांनी २००४ पर्यंत सुमारे ३८ वर्षे सांभाळले. ते याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा महाविद्यालयीन टेनिसवर लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांचा वरचष्मा होता. तो मोडून काढत स्टॅनफर्डने १९७३ मध्ये पहिले राष्ट्रीय सांघिक विजेतेपद मिळवले; २००० पर्यंत अशी १७ विजेतेपदे गूल्ड यांच्या नावावर जमा झाली.

महाविद्यालयीन टेनिसमध्ये सहाव्या क्रमांकाच्या एकेरीतला गुणही पहिल्या क्रमांकाच्या गुणाइतकाच मोलाचा असतो. शिवाय बाजू बदलताना प्रशिक्षक खेळाडूशी बोलू शकतो. त्यामुळे एखाददुसऱ्या ताऱ्यावर भागत नाही, संघ खालपर्यंत भक्कम लागतो. गूल्ड यांचे खरे कसब इथेच दिसते. तारे अर्थात होतेच: सँडी मेयर, रॉस्को टॅनर, टिम मेयॉट. १९७७ च्या विंबल्डनमध्ये पात्रता फेरीतून थेट उपांत्य फेरी गाठलेला जॉन मॅकेन्रो त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये आला, जेमतेम वर्षभर टिकला, पण तेवढ्यात एकेरीचे आणि संघाचे अशी दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदे पदरात पाडून गेला. १९९८ चा अपराजित संघ सर्वांत बलाढ्य मानता येईल. त्या वर्षी बॉब ब्रायनने एकेरी, भाऊ माइकसह दुहेरी आणि सांघिक असे तिहेरी यश मिळवले.

गूल्ड यांच्यानंतर संघाची धुरा त्यांचेच शिष्य, १९७४ चे एकेरी विजेते जॉन व्हिटलिंगर यांच्याकडे आली.