सुईवांचून टोंचणी

अहिल्यानगर जिल्ह्यांतील शनिशिंगणापूर येथें घरांना कडीकुलुपाचीं दारें न लावण्याची परंपरा सर्वश्रुत आहे. मनुष्याच्या देहास मात्र असा विश्वास परवडत नाहीं. त्वचा हें देहाचें दार. वैद्य सुई टोंचतो तेव्हां तें क्षणभर उघडतें, आणि औषधाबरोबर आणखी काय आंत शिरेल, ही चिंता तेथूनच सुरू होते.

या चिंतेच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण मुंबईशीं निगडित आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें थैमान घातलें असतां डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्या रोगावरील लस तयार केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें तिचा प्रसार देशभर झाला. परंतु १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. हाफकिन यांच्यावर ठपका आला. निर्दोष ठरण्यास त्यांस १९०७ सालापर्यंत वाट पाहावी लागली. बाटली उघडतांना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करतां वापरला गेला होता, असें पुराव्यावरून दिसून आलें. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें.

सुईच नाहींशी केली तर ही भीति टळेल, असें पुढें अनेकांस वाटलें. नळाच्या तोंडावर बोट दाबलें कीं पाण्याची धार जोरानें उसळते. त्याच न्यायानें अतिसूक्ष्म छिद्रांतून औषधाची धार प्रचंड दाबानें सोडल्यास ती त्वचा भेदून आंत जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत डॉ. रॉबर्ट हिंग्सन यांनीं अशा यंत्राचा पुरस्कार केला. पायानें दाब देऊन चालणारें यंत्र देवीच्या निर्मूलनाच्या कामीं पश्चिम आफ्रिका व ब्राझील येथें वापरलें गेलें. मात्र त्याचें एकच तोंड एकामागून एक सर्वांच्या दंडास लागे, व रक्ताचा सूक्ष्म अंश त्यावर राही. १९८४-८५ मध्यें कॅलिफोर्नियांतील एका दवाखान्यांत याच जातीच्या यंत्रामुळें 'ब' प्रकारची कावीळ पसरली. १९९७ सालीं अमेरिकन सैन्यानेंही असें यंत्र बंद केलें. सुई गेली होती, पण मुल्कोवालचा चिमटा गेला नव्हता!

नव्या साधनांनीं हा धडा गिरविला आहे. २० ऑगस्ट २०२१ रोजीं भारतांत मान्यता मिळालेली झायकोव्ह-डी ही कोविडवरील लस सुईवांचून देण्याची होती, व तिची पिचकारी एकदां वापरली कीं पुन्हां चालत नसे. महाराष्ट्रांत तिच्यासाठीं नाशिक व जळगांव या जिल्ह्यांची निवड झाली होती. पवईच्या आय. आय. टी.मध्यें प्रा. विरेन मेनेझेस यांच्या सहकाऱ्यांनीं दाबलेल्या नायट्रोजन वायूच्या आघातानें औषध आंत सोडणारी पिचकारी सिद्ध केली असून उंदरांवर तिनें भूल व इन्सुलिन देऊन पाहिलें आहे. उंदरांच्या त्वचेस सुईहून कमी इजा झाली, असें आढळलें. मनुष्यांवरील कसोटी हा पुढचा टप्पा होय.

सुईस भिणाऱ्या मुलास आणि रोज इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धास ही वार्ता सुखाची वाटेल. परंतु सुई नाहीं एवढ्यावर समाधान मानूं नये. त्वचेस लागणारा भाग नवा व स्वच्छ आहे ना, हें विचारण्याचा रुग्णास पूर्ण अधिकार आहे, आणि तो त्यानें निःसंकोचपणें बजावला पाहिजे.