हत्तीच्या बळाची गलबते

भोपाळला समुद्र नाही. आपण मोठ्या तलावावर समाधान मानतो. पण गणपतीत आठवावे असे एक आहे. भर समुद्रात जहाजे ओढणाऱ्या टगबोटींना आपल्या नौदलाने ‘गज’, ‘मातंग’ अशी हत्तीची नावे दिली.

हे ओढकाम कोकणाला जुनेच. आंग्र्यांच्या आरमारातली गुराब 150 ते 300 टनांची. वारा पडला की ती अडे. मग 40-50 वल्ह्यांची गलबते दोर बांधून तिला शत्रूच्या पिछाडीला नेत. इंग्रजांचे शिडाचे जहाज तेव्हा जागीच खिळलेले! गुराबेच्या नाळेवरच्या तोफा आधी डोलकाठ्या पाडीत. जहाज लुळे झाले, की ओढकाम करणाऱ्या त्याच गलबतांतून माणसे तलवारी घेऊन चहूबाजूंनी वर चढत.