जर्मन येत असूनही जर्मनीत एकटं का वाटतं?

2023-24 च्या हिवाळी सेमिस्टरमध्ये जर्मनीतल्या विद्यापीठांत 49 हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये हा तिथला सगळ्यात मोठा गट. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून गेलेलेही त्यात असतात. तरीही वर्गातल्या स्थानिक मुलांशी मैत्री काही होत नाही, ही तक्रार नेहमीची.

दर वेळी व्याकरण कच्चं असतं असं नाही. गाडी अडते ती कुणी बोलून न दाखवलेल्या नियमांपाशी.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1976 च्या ‘बियाँड कल्चर’ या पुस्तकात हा फरक मांडलाय. काही समाजांत बराचसा अर्थ शब्दांबाहेर असतो. नात्यात, सुरात, प्रसंगात. काही समाजांत जे म्हणायचंय ते शब्दांतच सांगितलं जातं. जर्मन लोक या दुसऱ्या बाजूला.

आपलं ‘बघू’ घ्या. मराठी माणसाला लगेच कळतं की हा बहुतेक येणार नाही. जर्मन मित्र मात्र विचारेल, ‘मग नक्की कधी सांगशील?’ आणि ‘हो, येतो’ म्हणून तुम्ही गेला नाहीत, तर पुढचं बोलावणं येईलच असं नाही. तो रागावलेला असतो असंही नाही. तुम्हाला यायचं नसावं, एवढा सरळ अर्थ त्याने काढलेला असतो.

वर्गातही तेच. सरांचं बोलणं खोडायचं नाही म्हणून आपण आदराने गप्प बसतो. सेमिनारमध्ये मात्र त्याचा अर्थ ‘हा वाचून आलेला नाही’ असा लागू शकतो. उलट तुमच्या प्रेझेंटेशनवर कुणी तोंडावर ‘हा मुद्दा चुकीचा आहे’ म्हणालं, तर ते लागतं. तोच मुलगा अर्ध्या तासाने कँटीनमध्ये तुमच्याच टेबलावर जेवत असतो! टीका मुद्द्यावर होती, तुमच्यावर नाही.

बाकी बारीकसारीक गोष्टी आठवड्याभरात कळतात. वेळापत्रकात ‘10 सी. टी.’ लिहिलं असेल तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, आणि ते संपल्यावर टाळ्यांऐवजी बाकावर टकटक करतात.

विचारायला लाजणं मात्र महागात पडतं. बऱ्याच ठिकाणी परीक्षेची नोंदणी आपली आपणच, मुदतीत करायची असते. अनेक अभ्यासक्रमांत एखादा अनिवार्य पेपर तिसऱ्यांदा नापास झाला की तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. प्रोफेसरांची भेटीची वेळ ठरलेली असते, तिथे शंका नेणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

सगळं विद्यार्थ्यानेच बदलायचं का? नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांच्या मांडणीत स्वतःची संस्कृती ठेवून नव्या समाजाशी नातं जोडणं म्हणजे ‘एकात्मता’. आपलं सोडून तिथलंच होणं हा वेगळा प्रकार. आणि समोरच्या समाजाने दार उघडं ठेवलं तरच हे जमतं, असंही ते सांगतात. म्हणून म्युनिकच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला जाण्यात वावगं काही नाही. अडचण होते ती सगळे शनिवार-रविवार तिथेच गेले तर.

दोन्हीकडून बोलणं होण्याची उत्तम सोय म्हणजे ‘टँडम’. दोघांनी भेटायचं, थोडा वेळ तुमची भाषा, थोडा वेळ त्याची. मराठी शिकायला उत्सुक जर्मन मिळणं अवघड, पण हिंदी किंवा इंग्रजीवरही जोडी जमते. अनेक विद्यापीठांत इंटरनॅशनल ऑफिस किंवा भाषा केंद्र अशा जोड्या लावून देतं.