कागदी भिंतीचा नकाशा

दोन्ही डोळ्यांच्या मधोमध हाडाच्या ज्या जाळीदार, हवेने भरलेल्या सायनस-पोकळ्या असतात, त्यांचा शेजार मोठा अवघड आहे. बाजूला डोळा, वर मेंदू, आणि मध्ये भिंत ती केवढी? डोळ्याकडील अस्थिपटलाला शरीरशास्त्रज्ञांनी 'लॅमिना पॅपिरेशिया', अर्थात कागदी पत्रा, असे नाव दिले, ते उगीच नव्हे. नाकावाटे या पोकळ्या साफ करण्याची शस्त्रक्रिया तत्त्वतः सोपी असली तरी प्रत्यक्षात रोग्याचा जीव घेणाऱ्या सहजसुलभ शस्त्रक्रियांपैकी एक ठरली आहे, अशा आशयाची कबुली बॉस्टनचे हॅरिस मोशर यांनी १९२९ मध्येच दिली होती.

अडचण हाताची नव्हती, दृष्टीची होती. राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले खरे. परंतु साध्या क्ष-किरण चित्रात पुढच्या-मागच्या सगळ्या हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. ज्यांचे आयुष्य सरकारी दप्तरात गेले त्यांना दुसरा दाखला नको: दहा गटांचे मोजणी नकाशे एकावर एक ठेवून उजेडात धरावेत आणि हद्द शोधावी, तसाच तो प्रकार.

हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डन येथील रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. त्याच सुमारास ऑस्ट्रियात ग्राट्स येथे मेसरक्लिंगर दुर्बिणीतून नाक पाहत होते. सायनसमधील श्लेष्मा ठरावीक वाटेनेच नैसर्गिक द्वाराकडे सरकतो, हे त्यांनी दाखविले. ते अरुंद द्वार मोकळे केले की बहुधा काम होते, सारी पोकळी खरवडावी लागत नाही. त्यांचे शिष्य स्टामबर्गर आणि बाल्टिमोरचे केनेडी यांनी १९८५ च्या सुमारास हे तंत्र जगभर नेले. मात्र दुर्बीण पृष्ठभाग दाखविते, भिंतीपलीकडचे नाही. ती उणीव सीटी स्कॅनने भरून काढली. १९८७ मध्ये झिनराइख व त्यांच्या सहकाऱ्यांनी समोरून पाडलेल्या उभ्या छेदांचा पुरस्कार केला. शल्यविशारदाला दुर्बिणीतून जे दिसते त्याच्याशी ते छेद जुळतात.

या छेदांत काय शोधायचे, याची यादी मात्र जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी आधीच करून ठेवली होती. बुडापेस्टच्या ओनोदी यांनी वर्णिलेली मागची पोकळी कधीकधी दृष्टिमज्जेला खेटून असते. ती ध्यानात न आल्यास रोगी अंध होऊ शकतो. केरोस यांनी १९६२ मध्ये गंधखाचेच्या खोलीच्या तीन प्रती पाडल्या: ३ मिलिमीटरपर्यंत, ४ ते ७, आणि ८ ते १६. खाच जितकी खोल, तितकी मेंदूकडील पातळ भिंत अधिक उघडी. एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या बाजूही सारख्या असतीलच असे नाही.

पुढे जर्मनीत आखेन येथे १९८० च्या दशकात उपकरणाचे टोक या छेदचित्रांवर कोठे आहे, हे संगणकाच्या पडद्यावर दाखविण्याची सोय झाली. तीतही एक-दोन मिलिमीटरांची तफावत राहते, आणि कागदी भिंत त्याहून पातळ! म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचे डोळे कापडाने झाकत नाहीत. बाहेरून डोळा हलकेच दाबून आतली भिंत हलते का, हे आजही पाहिले जाते.