खर्ज मित्रासाठी सोडलेला

'जॅकअ‍ॅस' या एमटीव्हीवरच्या स्टंटबाज कार्यक्रमाची धून तुमच्या कानावरून कधीतरी गेली असेल. पोरं हाडं मोडून घेतायत आणि मागे ती उड्या मारणारी गिटार. मूळ गाणं 'कोरोना', १९८४ चं. विषाणूशी संबंध नाही. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर बिअरच्या रिकाम्या बाटल्या वेचणाऱ्या एका बाईवरून ते सुचलं होतं. लिहिणारा डी. बून, 'मिनटमेन' या बँडचा गायक-गिटारिस्ट.

बून लॉस एंजेलिसच्या बंदराला लागून असलेल्या सॅन पेड्रोचा. कामगारांचं गाव. बारा-तेरा वर्षांचा असताना तिथल्या बागेत तो झाडावरून थेट माइक वॉटच्या पुढ्यात पडला. दोस्ती झाली. बूनच्या आईने दोघांना वाद्यांना जुंपलं: पोराला गिटार, वॉटला बास.

रॉकमध्ये गिटारवाला राजा असतो आणि बासवाल्याचं नावही कुणाला आठवत नाही. बूनला ही उतरंड खटकायची. म्हणून त्याने आपल्या अ‍ॅम्पवरचा खर्ज जवळजवळ काढूनच टाकला आणि ट्रेबल चढवला. खालच्या स्वरांची सगळी जागा वॉटला मोकळी! समतेच्या घोषणा तेव्हा बरेच पंक बँड देत होते (घोषणा स्वस्त असतात). बूनने बटण फिरवलं. 'मिनटमेन' ऐकताना गिटार पत्र्यासारखी करकरते, पण बासचा एकेक स्वर वेगळा कळतो, आणि मधल्या फटीतून जॉर्ज हर्लीचे ड्रम्स.

काटकसरीला त्यांचा शब्द होता 'इकोनो'. व्हॅन स्वतः चालवायची, सामान स्वतः उचलायचं. 'डबल निकल्स ऑन द डाइम' या डबल अल्बममध्ये चाळीसहून जास्त गाणी आहेत, बरीचशी दोन मिनिटांच्या आतली. खर्च साधारण ११०० डॉलर.

डिसेंबर १९८५ मध्ये ते आर.ई.एम.सोबत दौऱ्यावर होते. तो संपला आणि २२ तारखेला अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात बूनची व्हॅन रस्ता सोडून उलटली. ताप आला म्हणून तो मागे आडवा झाला होता. वय २७. मी त्याहून थोडा मोठा आहे, हा हिशोब दर वेळी नकळत होतोच.

वॉटने बास खाली ठेवला. मग ओहायोहून एक चाहता, एड क्रॉफर्ड, त्याला शोधत सॅन पेड्रोला आला आणि वाजव म्हणून मागेच लागला. त्यातून 'फायरहोज' उभा राहिला. वॉट आणि हर्ली पुन्हा एकत्र, गिटारवर एड. त्यांचा प्रत्येक अल्बम डी. बूनला अर्पण केलेला आहे.