प्रवाद आणि पदे : हैदराबादेतील १८९२ च्या पत्रिकेचे प्रकरण

हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या आवाराला लागून, तारनाक्याला, निजामाच्या राज्याचे दफ्तर सांभाळणारे अभिलेखागार आहे. आसफजाही, म्हणजे निजाम घराण्याच्या, काळाच्या कागदांत अखबार या प्रकाराचे स्थान मोठे आहे. अखबार म्हणजे एका दरबारात राहणाऱ्या बातमीदाराने, अर्थात अखबारनवीसाने, आपल्या धन्याला नियमाने लिहून धाडलेले बातमीपत्र. अमुक सरदार मुजऱ्याला आला, अमक्याला खिलत मिळाली, मालकांना ज्वर आहे, जनानखान्यात कोणावर मर्जी आहे, अशी त्यातील बातमीची जात असे. पुण्याच्या दरबारातून हैदराबादेस जाणारी अशी बातमीपत्रे स्वातंत्र्यानंतर छापूनही निघाली. पेशव्यांच्या वतीने हैदराबादेत राहणारे वकील गोविंदराव काळे यांच्या मराठी पत्रांतही निजामाच्या घरची खबर असते. राजाच्या प्रकृतीवर तह अवलंबून होते आणि त्याच्या वारसावर सरदारांची वतने, त्यामुळे घरातली गोष्ट आणि राज्यातली गोष्ट यांत त्या व्यवस्थेने भेद केलाच नव्हता. जी गोष्ट पुढे कुचाळकी म्हणून हिणवली गेली, तिच्यासाठी अठराव्या शतकात पगारी नोकर होते.

अशा व्यवस्थेत प्रवादाला राजकीय मोल येणे स्वाभाविक होते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यानंतर त्यांच्या पत्नी गंगाबाई पुरंदर किल्ल्यावर असताना १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला, तेव्हा नारायणरावांचे चुलते रघुनाथराव यांच्या पक्षाने ते मूल गंगाबाईंचे नव्हेच, असे म्हणायला सुरुवात केली. मुलगाच व्हावा, या खबरदारीपोटी गडावर इतर गर्भवती स्त्रियाही नेऊन ठेवल्या होत्या, ही कंडी इतकी पसरली की ग्रँट डफने ती आपल्या इतिहासात नोंदवली. मूल खोटे ठरले असते तर गादी रघुनाथरावांकडे गेली असती, एवढे सांगितले की त्या प्रवादाचा उगम शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

हैदराबाद शहराच्या नावाभोवतीही असाच एक जुना प्रवाद आहे. शिवकालीन मराठी कागदांत या शहराला भागानगर म्हटलेले आढळते, आणि गोवळकोंड्याचा सुलतान महंमद कुली कुतुबशहा याची भागमती नावाच्या कलावंतिणीवर प्रीती जडली म्हणून १५९१ च्या सुमारास वसवलेल्या शहराला तिचे नाव पडले, ही हकीकत इतिहासकार फिरिश्त्याने सांगितली आहे. अकबराचा वकील म्हणून दक्षिणेत आलेल्या फैजीच्या वृत्तांतातही ती येते. दोघेही गोवळकोंड्याच्या दरबाराबाहेरचे होते. उस्मानिया विद्यापीठातील इतिहासकार हारून खान शेरवानी यांनी समकालीन शिलालेख व नाणी यांचा आधार नसल्याच्या कारणावरून ही कथा अमान्य केली, तरी शहराने ती सोडलेली नाही. सुखद प्रवादाला पुरावा कोणी मागत नाही.

इंग्रजांच्या आगमनाबरोबर ही व्यवस्था मोडली नाही; तिच्यात आणखी एक कचेरी वाढली. रेसिडेंट म्हणजे संस्थानी दरबारात राहणारा ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, आणि १७९८ ते १८०५ या काळात ते पद जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याच्याकडे होते. ऑक्टोबर १७९८ मध्ये निजामाच्या पदरची फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज रक्तपाताविना निःशस्त्र करण्याचे श्रेय त्याला मिळाले होते. त्यानंतर थोड्याच काळात मीर आलम या मातब्बर मुत्सद्द्याच्या नात्यातील खैरुन्निसा या सय्यद घराण्यातील तरुणीशी त्याचे संबंध असल्याची कुजबुज सुरू झाली. त्याने तिच्यावर जबरदस्ती केली, तिच्या घरच्यांना धमकावले, अशा तक्रारी कलकत्त्यापर्यंत पोचल्या. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने गुप्त चौकशी लावली आणि नोव्हेंबर १८०१ मध्ये हैदराबादेची माहिती असलेल्या दोन लष्करी अधिकाऱ्यांच्या शपथेवरील जबान्या मद्रासला घेण्यात आल्या. चौकशीला उत्तर हवे होते ते एवढेच, की रेसिडेंटाच्या वर्तनाने कंपनीच्या हिताला बाध आला की नाही. तसा बाध दिसला नाही आणि कर्कपॅट्रिक मरेपर्यंत पदावर राहिला. इस्लाम स्वीकारून त्याने खैरुन्निसेशी निकाह लावला होता आणि त्यांना दोन मुले झाली होती, या गोष्टी सरकारी दृष्टीने दुय्यम होत्या.

कर्कपॅट्रिकने मुसी नदीच्या उत्तर काठावर बांधलेली रेसिडेन्सी आज कोठी येथील महिला विद्यापीठाच्या आवारात उभी आहे. पडद्यातल्या बेगमेला पुढची बाजू पाहायला जाता येत नसे, म्हणून त्याने तिच्यासाठी इमारतीची छोटी प्रतिकृती मागच्या बागेत करवली, असे सांगतात. बदनामीची कथा शंभर-दीडशे वर्षांत प्रेमकथा कशी होते, याचा हा चांगला नमुना आहे. मात्र याच रेसिडेन्सीच्या न्यायासनासमोर नव्वद वर्षांनी जे दुसरे प्रकरण आले, त्याचे असे रूपांतर झाले नाही.

ते प्रकरण समजण्यासाठी हैदराबादच्या कारभारातील एक फूट लक्षात घ्यावी लागते. दिवाण पहिल्या सालारजंगाने राज्यकारभाराची नवी घडी बसवताना उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः अवध व अलीगढच्या परिसरातून, इंग्रजी अमलाचा अनुभव असलेले अधिकारी आणले. पूर्वापार हैदराबादेत असलेल्यांना मुल्की आणि या नव्या लोकांना गैरमुल्की म्हणण्याची रीत पडली. १८८३ मध्ये सालारजंग वारला, १८८४ मध्ये सहावा निजाम महबूब अली खान याने कारभार हाती घेतला आणि त्याच दशकात दरबाराची भाषा फार्सीऐवजी उर्दू झाली, त्यामुळे फार्सीवर पोसलेल्या जुन्या घराण्यांची पीछेहाट आणखी वेगाने झाली. गैरमुल्कींची आपसातली स्पर्धाही कमी तीव्र नव्हती. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी अशा मराठी मुलखाचा कारभार ज्या कचेऱ्यांतून चाले, त्या कचेऱ्यांतील खुर्च्यांचा हा झगडा होता, आणि मराठवाड्याच्या इतिहासलेखनात त्याची दखल जेमतेमच घेतली जाते, हे नवल आहे.

मेहदी हसन हा अवधातून आलेला असाच एक अधिकारी. फतेह नवाझ जंग हा किताब मिळालेला हा गृहस्थ उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झाला आणि नंतर गृहसचिव झाला. त्याची पत्नी एलेन गर्ट्रूड डोनेली ही भारतात जन्मलेली युरोपियन स्त्री होती. दोघांचेही तारुण्य लखनौमध्ये गेले होते. हैदराबादेत काही काळ पडद्यात राहिल्यानंतर एलेन पडद्याबाहेर आली आणि रेसिडेन्सीच्या व सिकंदराबादच्या युरोपियन समाजात वावरू लागली. डेक्कन मायनिंग कंपनीच्या गैरव्यवहाराची चौकशी लंडनच्या पार्लमेंटने चालवली असताना १८८८ साली मेहदी हसन निजाम सरकारच्या कामासाठी विलायतेला गेला, आणि त्या वास्तव्यात या दांपत्याला व्हिक्टोरिया राणीच्या भेटीचा मान मिळाला. इंग्रजी राज्याचा तो निःसंकोच भक्त होता आणि राष्ट्रसभा त्याला धोकादायक वाटे. शत्रूंना त्याच्या कामात बोट ठेवायला जागा सापडत नव्हती, हे पुढच्या घटनांवरून दिसते, कारण त्यांनी जे हत्यार उचलले ते त्याच्या कचेरीवर नव्हे, तर घरावर रोखलेले होते.

एप्रिल १८९२ मध्ये आठ पानांची एक इंग्रजी पत्रिका शहरात फिरू लागली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. हैदराबादच्या स्त्रियांना उद्देशून केलेले आवाहन, असे तिचे शीर्षक होते, आणि ही निवड फार धूर्त होती, कारण एलेनला आपल्या दिवाणखान्यात बसवून घेणाऱ्या युरोपियन स्त्रियांना त्यामुळे थेट आरोपी केले जात होते. पत्रिकेत तीन मुख्य आरोप होते : एलेन लखनौत वेश्याव्यवसाय करीत होती आणि काही पुरुषांनी तिला बाळगले होते, तिचा व मेहदी हसनचा विवाह कधी झालाच नव्हता, आणि बढतीसाठी त्याने तिला वरिष्ठांच्या हवाली केले. यातील दुसरा आरोप सर्वांत घातक होता. विवाह नसेल तर तिला राणीच्या भेटीला नेणे ही साम्राज्याच्या शिष्टाचाराची फसवणूक ठरत होती, आणि मिश्र विवाहाबद्दल ज्या युरोपियन समाजाच्या मनात आधीच किंतू होता, त्याला नाक मुरडायला नैतिक कारण मिळत होते.

वेळही नेमकी होती. काही महिन्यांपूर्वीच अलेक्झांडर जेकब या जवाहिऱ्याविरुद्धच्या हिऱ्याच्या खटल्यात खुद्द निजामाला साक्ष द्यावी लागली होती आणि डिसेंबर १८९१ मध्ये कलकत्त्याला जेकब निर्दोष सुटल्याने दरबाराची शोभा झाली होती. दिवाण असमानजाहच्या पक्षावर निजामाची मर्जी खप्पा होत चालली होती, आणि मेहदी हसन त्याच पक्षाचा समजला जाई.

मित्रांनी नको म्हटले असतानाही मेहदी हसनने पत्रिकेचा मुद्रक म्हणून एस. एम. मित्र या बंगाली गृहस्थावर रेसिडेन्सी कोर्टात खटला भरला. रेसिडेन्सी कोर्ट म्हणजे रेसिडेंटाच्या हद्दीतील इंग्रजी कायद्याने चालणारे न्यायालय; तेथे निजामाचा हुकूम चालत नसे. स्वतः मुख्य न्यायाधीश राहिलेल्या माणसाने आपल्या राज्याची न्यायालये बाजूला ठेवून इंग्रज न्यायाधीशासमोर उभे राहावे, यात त्याच्या श्रद्धेचा भाग किती आणि हिशेबाचा किती, हे ठरवणे कठीण आहे. निर्दोषत्वावर इंग्रजी शिक्का बसला की युरोपियन समाज पुन्हा दारे उघडील, ही आशा मात्र त्यात उघड दिसते.

खटला नऊ महिने चालला. दोन्ही बाजूंनी नामांकित इंग्रज वकील लावले, दोन्ही बाजूंनी साक्षीदारांना पैसे चारले आणि दोन्ही बाजूंनी परस्परांच्या साक्षीदारांवर खोट्या शपथेचा आरोप केला. एका स्त्रीच्या तारुण्यातील दिवस लखनौच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून उकरून काढले जात होते आणि ते वृत्तपत्रांतून देशात व विलायतेत वाचले जात होते. पत्रिकेत नव्हते असेही आरोप उलटतपासणीत पुढे आले, अगदी निकटच्या नात्यातील व्यभिचाराचेसुद्धा. मूळ पत्रिका हाती पडलेली माणसे थोडी होती. खटल्याने ती जगभर पोचवली.

१८९३ मध्ये न्यायाधीशाने एस. एम. मित्र याला दोषमुक्त केले. पत्रिका त्याने छापली हे सिद्ध झाले नाही, असा निकालाचा आशय होता, आणि कायद्याच्या दृष्टीने न्यायालयापुढे प्रश्नही तेवढाच होता. विवाह झाला होता की नव्हता, लखनौच्या कथा खऱ्या होत्या की रचलेल्या, यांना निकालाने हात लावला नाही. फिर्यादीला जे हवे होते ते आणि न्यायालय जे देऊ शकत होते ते, यांतले हे अंतर मेहदी हसनसारख्या कायदेपंडिताला आधी दिसू नये, ही या प्रकरणातली सर्वांत चमत्कारिक बाब म्हणावी लागेल. लोकांनी मात्र दोषमुक्तीचा अर्थ आपल्या परीने लावला : मुद्रक सुटला, म्हणजे मजकूर खरा.

निकालानंतर काही दिवसांतच दांपत्य लखनौच्या गाडीत बसले. मेहदी हसनला गृहसचिवपदावरून बडतर्फ करण्यात आले आणि निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. त्याच सुमारास हैदराबादेतील गैरमुल्कींची एक मोठी फळी कोसळली. विकारुल्मुल्क १८९२ मध्ये हैदराबाद सोडून गेला, मोहसिनुल्मुल्क १८९३ मध्ये गेला आणि दोघांनीही पुढे अलीगढच्या महाविद्यालयाचे नेतृत्व केले. १८९३ संपता संपता असमानजाहचे दिवाणपदही गेले आणि विकारुल्उमरा त्या जागी आला. निजामाचा विश्वासू सरवर जंग या काळात प्रबळ झाला, पण तोही गैरमुल्कीच होता आणि शतक संपण्यापूर्वी त्यालाही हैदराबाद सोडावे लागले. पत्रिकेच्या कर्त्याचे नाव मात्र न्यायालयात निश्चित झाले नाही.

मेहदी हसनने पूर्वी ज्या इंग्रजी प्रशासनात नोकरी केली होती त्याच्याकडे पुन्हा अर्ज केले. कोणीही त्याला आधार दिला नाही आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो वारला. एलेनजवळ काही उरले नव्हते. उतारवयात तिने हैदराबादच्या दिवाणाकडे व निजामाकडे मदतीसाठी विनंत्या केल्या आणि अखेरीस तिला एक छोटी रक्कम मंजूर झाली. ती निवृत्तिवेतनाचा हक्क म्हणून नव्हे, तर अनुकंपा म्हणून दिलेली होती, त्यामुळे १८९२ च्या पत्रिकेतील दुसऱ्या, म्हणजे विवाह झालाच नव्हता या, आरोपाला उत्तर देण्याचा प्रसंग निजाम सरकारवर याही वेळी आला नाही. रक्कम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत एलेन प्लेगने मरण पावली.