ट्रकमधला गारवा

आमचे काका सोलापूर रोडला ट्रक चालवायचे. निघायच्या आधी सामान स्वतः मोजायचे: जॅक, टॉमी, पाना-पक्कड, स्टेपनी, दोरखंड, ताडपत्री. आणि चाकाला लावायला लाकडी ठोकळा, त्याच्याशिवाय घाटात जायचं नाही म्हणजे नाही. वाटेत गाडी बिघडलीच, तर कांदा एक रात्र थांबतो, असा सगळा हिशोब.

12 जानेवारी 2021 ला पहाटे आमच्या मांजरीतून जे तीन ट्रक निघाले, त्यांना हा हिशोब लागूच नव्हता. सीरमच्या गेटवर पूजा झाली आणि कोव्हिशील्डचे 478 खोके लोहगाव विमानतळाकडे निघाले. एकेक खोकं 32 किलोचं. पण खरं सामान म्हणजे आतला 2 ते 8 अंशांचा गारवा! तापली तर लस बाद, गोठली तरी बादच. स्टेपनी बदलता येते हो, गेलेला गारवा परत भरून काय उपयोग?

ही अडचण जुनीच आहे म्हणा. 1802 मध्ये देवीची लस बसऱ्याहून मुंबईला आली. 14 जूनला तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली. तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव आठवड्याभराने दुसऱ्या मुलांना, त्यांचा पुढच्यांना... अशी ती पुण्यापर्यंत पोचली. ट्रकही मूलच, फ्रिजही मूलच! मधल्या एखाद्याला फोड आलाच नाही, तर सगळं मुसळ केरात.

असो. टीव्हीवर ते ट्रक बघून काकांनी एवढंच विचारलं, "जॅक ठेवलाय ना रे त्यांनी?"